प्रकल्प नोंदी: धान्यकोश, बियाणे आणि रातांबे (जांबोटी-कणकुंबी परिसर, खानापूर तालुका, जि. बेळगाव, कर्नाटक, २०२४-२५)

१८ फेब्रुवारी २०२४

जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या आमच्या वाड्यांतील महिला गटांची आज एकत्रित बैठक झाली. येत्या वर्षाचा निधी कशावर खर्च करावा, एवढाच विषय होता. निधी देणाऱ्या संस्थेच्या आराखड्यात उत्पन्नवाढ हा पहिला मुद्दा असून त्याखाली भाजीपाला, शिवणयंत्रे आणि शेळीपालन ही कामे सुचवली आहेत. आराखडा मराठीतून वाचून दाखवल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वरच्या वाडीतील एका गटाच्या अध्यक्षा अक्कांनी विचारले, "आषाढात घरात भात नसला तर ती शेळी आमच्याकडे गणपतीपर्यंत तरी राहील काय?" त्यानंतर चर्चेला खरी सुरुवात झाली.

हा प्रश्न गेल्या वर्षाच्या अनुभवातून आलेला आहे. २०२३ मध्ये मृग कोरडा गेला, पेरण्या लांबल्या, आणि ऑगस्ट महिना तर देशात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. कर्नाटकातील २३६ पैकी २२३ तालुके पुढे दुष्काळग्रस्त जाहीर झाले. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते, तालुक्याच्या याच पट्ट्यात सर्वाधिक पाऊस पडतो आणि पूर्वेला बिडी-इटगीकडे जावे तसा तो झपाट्याने कमी होतो; तरीही गेल्या वर्षी वरच्या माळाच्या शेतांतील भात पोटरीत असतानाच वाळले. ज्यांची शेती ओहोळाच्या काठी आहे, त्यांना पीक मिळाले. ज्यांची फक्त माळावर आहे, त्यांच्या कणग्या शिमग्याआधीच रिकाम्या होणार हे आजच दिसते आहे.

बैठकीत कामांचा क्रम ठरला: आधी धान्यकोश (पावसाळ्यात उसने न्यायचे आणि सुगीला परत भरायचे सामाईक भात), मग बियाणे आणि त्यानंतर रातांब्यांवरील, म्हणजे कोकमाच्या फळांवरील, प्रक्रिया. शेळ्या व शिवणयंत्रे यांचा विचार यंदा करायचा नाही. हा क्रम मला योग्य वाटतो. ज्या घराला एका वाईट पावसाळ्यात उभी जनावरे विकावी लागतात, त्या घराला नवी जनावरे देण्याआधी तो पावसाळा पार पाडण्याची सोय व्हायला हवी. निधी देणाऱ्या संस्थेला तसे सविस्तर कळवायचे आहे आणि पत्राचा मसुदा गटांसमोर वाचूनच तो पाठवायचा आहे.

५ मार्च २०२४

अंगणवाडीच्या ओसरीवर रांगोळीने बारा महिन्यांचा तक्ता आखला आणि प्रत्येक महिन्याच्या घरात बायकांनी आपापल्या घरातील धान्य, रोख पैसा, काम आणि कर्ज यांसाठी वेगवेगळ्या बिया ठेवल्या. भातासाठी भाताचे दाणे, पैशासाठी काजूच्या बिया, कर्जासाठी चिंचोके.

सुगी झाली की कार्तिक-मार्गशीर्षात भाताची रास सर्वांत मोठी असते. रोख पैसा येतो तो चैत्र-वैशाखात, काजू विकला जातो तेव्हा. मृगापासून दोन्ही राशी आटत जातात. नेमक्या त्याच काळात बी-बियाणे, नांगरट, रोपलावणीची मजुरी, शाळेची पुस्तके आणि पावसाळी आजार हे सगळे खर्च एकदम येऊन पडतात. चिंचोके आषाढाच्या घरात मावेनासे झाले. रेशनचे काय, असे विचारल्यावर हिशेब पुढे आला. अन्नभाग्य योजनेत दर माणशी पाच किलो तांदूळ मिळतो आणि वाढीव पाच किलोंच्या बदल्यात गेल्या जुलैपासून दर माणशी १७० रुपये खात्यावर जमा होतात. घरातील कर्त्या बाईसाठीच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० रुपयेही ऑगस्ट २०२३ पासून सुरू झाले आहेत. या पैशांचा आधार मोठा आहे, असे सर्वच जणी म्हणाल्या. अडचण अशी की, हा पैसा ज्या दिवशी खात्यावर येतो त्या दिवशी मुसळधार पावसात बँकेपर्यंत पोहोचता येईलच असे नाही. शिवाय आषाढात दुकानातला तांदूळ महागच मिळतो.

पुरुषांच्या कामासाठी ठेवलेल्या बिया जवळजवळ सगळ्या गोव्याकडे गेल्या. बांधकाम, बेकरी, हॉटेल अशा कामांवर गेलेली माणसे रोपलावणीला आठवडाभर आणि गणपतीला थोडे अधिक दिवस घरी येतात. पावसाळ्यात घर सांभाळण्याचे आणि कर्ज काढण्याचे काम बाईच्याच वाट्याला येते. म्हणून धान्यकोशाचे व्यवहार महिला गटांकडेच असावेत, यावर आज दुमत झाले नाही.

१६ मार्च २०२४

लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता आजपासून लागू झाली. ग्रामपंचायतीकडे नव्या कामांचे प्रस्ताव आता पुढे सरकणार नाहीत, परंतु आधी मंजूर झालेल्या चर खोदाईच्या कामावर मजुरांना मागणी करता येते. रोजगार हमीचे, म्हणजे इकडच्या बोलीत 'उद्योग खात्री'चे, फॉर्म ६ भरून देण्याचे काम उद्यापासून वाडीवार करायचे आहे. फॉर्म दिल्याची तारखेसह पोच घेतल्याशिवाय कोणीही पंचायतीतून परत यायचे नाही, हे पुन्हा सांगितले. पोच हातात असेल तरच पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता मागता येतो: पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि त्यापुढे किमान निम्मा.

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा

आज धान्यकोशाचे नियम ठरले. पाडव्याला सगळ्या जणी घरी सापडतात, म्हणून हा दिवस गटांनीच निवडला होता. गुढ्या उतरल्यावर देवळाच्या मंडपात बसलो आणि दिवेलागणीनंतरही चर्चा चालूच होती.

सर्वांत मोठा वाद वाढीव परतफेडीवर झाला. गावात पूर्वापार धान्य दिढीने मिळते, म्हणजे पावसाळ्यात एक पायली नेली तर सुगीला दीड पायली भरावी लागते. आम्ही सवाईचा, म्हणजे एका पायलीला सव्वा पायली घेण्याचा, विचार मांडला होता. त्यावर एका विधवा सदस्याने सांगितले की, ज्यांच्याकडे दोन पोती जास्त आहेत त्यांना सवाई हलकी वाटते. पण जिच्या शेतात घरापुरतेच पिकते, तिला सवाई भरल्यावर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लवकर कोशाच्या दारात यावे लागेल. यावर बराच वेळ बोलणे झाले. भात वाळल्यावर तूट येते, उंदीर आणि पतंग यांच्याकडूनही थोडे जाते, त्यामुळे काहीच वाढावा न घेतल्यास कोश दरवर्षी घटत जाईल, ही दुसरी बाजूही सदस्यांनीच मांडली. शेवटी पायलीमागे (चार शेरांमागे) अर्धा शेर वाढावा ठरला, म्हणजे सवाईच्याही निम्मा. हा आकडा आमच्या आराखड्यात कुठेच नव्हता. आज तो ज्या रीतीने ठरला, त्या रीतीमुळेच तो पाळला जाईल असा माझा विश्वास आहे.

उरलेले निर्णय लवकर झाले. प्रत्येक वाडीचा कोश त्याच वाडीत राहील. कुलपाच्या दोन किल्ल्या वेगवेगळ्या घरांतील दोघींकडे असतील. वहीत नोंद करणारी आणि माप घालणारी या दोघी एकाच घरातील नसाव्यात. दर महिन्याच्या बैठकीत वही मोठ्याने वाचली जाईल, कारण अनेक सदस्यांना लिहिता-वाचता येत नाही आणि हिशेब कानावर पडला तरच त्यावर प्रश्न विचारता येतो. वही मराठीत राहील; महिला बचत गटांसाठीच्या संजीविनी योजनेच्या पंचायतस्तरीय महासंघाला द्यायचा गोषवारा मात्र कन्नडमध्ये तयार होईल. त्यासाठी कन्नड शाळेत शिकलेल्या दोन मुलींनी जबाबदारी घेतली आहे.

सुरुवातीचे भात दोन मार्गांनी जमा होईल: ज्यांना गेल्या वर्षी पीक आले त्यांच्याकडून ठेव म्हणून, आणि उरलेले निधीतून नंदगड भागात खरेदी करून.

१२ मे २०२४

रातांब्यांचा हंगाम भरात आहे. यंदा अभयारण्याच्या हद्दीतील फळांना हात लावायचा नाही आणि फक्त परड्यातील व मालकीच्या बांधावरील झाडांची फळे घ्यायची, असे आधीच ठरले होते. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले, तेव्हापासून आतील व काठावरील गावांना वनउपज, रस्ता, वीज या प्रत्येक गोष्टीसाठी परवानगीचा प्रश्न येतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार गौण वनउपज गोळा करण्याचा आणि तिचा वापर व विक्री करण्याचा हक्क मागता येतो, परंतु त्यासाठीचा सामूहिक दावा ग्रामसभेतून आणि वनहक्क समितीमार्फत गेला पाहिजे. ते काम स्वतंत्रपणे चालू आहे. दाव्याचा निकाल लागेपर्यंत या उद्योगातील एकाही बाईवर गुन्हा नोंदवला जाऊ नये, यासाठी ही मर्यादा सर्वांनी मान्य केली आहे.

प्रक्रियेची पद्धत सर्वांनाच ठाऊक आहे. फळे धुवायची, अर्धी कापायची, बिया व गर वेगळा काढायचा, गरात मीठ घालून आगळ करायचे आणि त्याच रसात साली बुडवून उन्हात वाळवायच्या. अशी तीन-चार पुटे दिली की आमसूल काळेभोर होते आणि वर्षभर टिकते. घरात चालणारे हे काम विक्रीसाठी करताना दोन ठिकाणी अडते. पहिली अडचण वळवाच्या पावसाची आहे: दुपारनंतर ढग आले की अंगणात पसरलेल्या साली उचलायला धावावे लागते, आणि एकदा भिजलेल्या सालीवर बुरशी धरते. त्यासाठी खालच्या वाडीत बांबूच्या सांगाड्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन घालून वाळवणीची खोली उभी केली आहे. तिच्या दोन्ही बाजूंना वारा खेळता ठेवल्यामुळे आत दमटपणा राहत नाही. दुसरी अडचण एकसारखेपणाची आहे. प्रत्येक घरच्या मिठाचे प्रमाण वेगळे असते आणि खरेदीदार नेमकी त्यालाच हरकत घेतो. म्हणून मीठ मापून घालायचे, पुटांची संख्या वहीत लिहायची आणि कोणत्या घरचा माल कोणत्या बरणीत गेला याचीही नोंद ठेवायची, असे ठरले.

बारा लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या अन्नप्रक्रिया उद्योगाला वर्षाला १०० रुपये भरून अन्नसुरक्षा नोंदणी करता येते. हे काम करणाऱ्या तिन्ही गटांचे अर्ज भरले आहेत.

रातांब्यांच्या बियांचे तेल काढण्याची परंपरा इकडे आहे आणि पावसाळ्यात भेगा पडलेल्या पायांना ते लावतात. या बिया यंदा टाकून न देता वाळवून ठेवल्या आहेत. त्यांचे पुढे काय करायचे ते गट ठरवतील.

२६ मे २०२४

धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत केलेली पेरणी) तोंडावर आली असल्यामुळे आज प्रत्येक वाडीत बियाण्याची तपासणी केली. दहा लीटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचे, त्यात बियाणे ओतून ढवळायचे, वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकायचे आणि तळाशी बसलेले बियाणे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. गेल्या वर्षीच्या वाळक्या पिकातून राखलेल्या बियाण्यात तरंगणारा भाग बराच निघाला आणि ते पाहून अनेकांनी तेच बियाणे पेरण्याचा विचार सोडला. उगवणीची चाचणी आम्ही आठवडाभर आधीच लावली होती. ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून गुंडाळले होते आणि आज मोड आलेले दाणे सर्वांसमोर मोजले. ऐंशीच्या वर मोड आले तर बियाणे चांगले समजायचे.

वाणांबद्दलची चर्चा मला सर्वांत मोलाची वाटली. इंटानसारखी उशिरा येणारी भाते पाणथळ शेतात चांगली येतात आणि त्यांचा पेंढाही भरपूर मिळतो, पण पाऊस लवकर थांबला की माळावर ती हमखास फसतात. इंद्रायणीला दर चांगला आहे. आजवर बहुतेक घरे संपूर्ण शेतात एकच वाण लावत असत, कारण बियाणे एकाच ठिकाणाहून मिळे. आता माळाच्या तुकड्यात लवकर येणारे वाण किंवा नाचणी आणि खाली उशिराचे भात, अशी विभागणी करण्याची तयारी अनेक घरांनी दाखवली आहे. नाचणीचे बी एका आजींनी मडक्यात राखेत घालून ठेवले होते. त्यांनी ते मागेल तिला ओंजळभर दिले आणि परतफेड म्हणून सुगीला दोन ओंजळी मागितल्या. बियाणे कोशाच्या वहीतील ही पहिली नोंद आहे.

१४ जून २०२४

मृग चांगला लागला. धान्यकोशातून पहिले वाटप आज झाले. मागणाऱ्यांची यादी आधी वाचली गेली आणि दोन घरांनी आपली नावे स्वतःहून मागे घेऊन पुढच्या महिन्यात मागू असे सांगितले. कोणाला किती द्यायचे, हे घरातील खाणारी माणसे आणि शिल्लक धान्य पाहून ठरले. बाळंतीण असलेल्या घराला नियमापेक्षा जास्त देण्याचा ठराव एकमताने झाला.

२५ जुलै २०२४

गेल्या आठवड्यापासून पावसाने उसंत दिलेली नाही. मलप्रभेला पूर आहे, ओढ्यांवरचे साकव पाण्याखाली गेले आहेत आणि वरच्या दोन वाड्यांचा संपर्क तुटला आहे. वीज नाही, त्यामुळे मोबाईलही बंद पडले. आज पाणी थोडे ओसरल्यावर वरच्या वाडीतील दोन तरुण दोर धरून अलीकडे आले आणि त्यांच्याकडून निरोप मिळाला. ही नोंद त्यांनी सांगितलेल्या हकिगतीवरून लिहीत आहे.

साकव बुडाल्याच्या दुसऱ्याच दिवशी किल्ली असलेल्या दोघींनी कोश उघडला. नेहमीची यादी आणि बैठक यांची वाट न पाहता, ज्या घरांत दोन दिवसांपेक्षा कमी धान्य होते त्यांना थेट माप घालून दिले आणि वहीत 'पूर' असा शेरा मारला. असा अधिकार त्यांना पाडव्याच्या बैठकीतच दिलेला होता. एका घराची मागील भिंत पडली. माणसे सुखरूप आहेत आणि ती शाळेत राहायला गेली आहेत. चूल तिथेच पेटली आणि जळण आजूबाजूच्या घरांनी पुरवले.

श्रावणात दिवस भरणाऱ्या दोन्ही गरोदर बायांना आशाताईंनी जूनच्या अखेरीसच खानापुरात नातेवाइकांकडे पाठवले होते. यादी करून वेळेआधी हलवण्याची ही पद्धत आता प्रत्येक वाडीने मृगाच्या आधीच्या बैठकीत नेमून घ्यावी, असे मला तळमळीने वाटते. या भागात पावसाळ्यात रुग्णाला तिरडीवजा डोलीत घालून चिखलातून मैलोन्‌मैल न्यावे लागते, आणि पुष्कळदा तो उशीरच जीवावर बेततो.

कोश वाडीवाडीत विभागलेला नसता तर या आठवड्यात तो निरुपयोगी ठरला असता.

११ ऑगस्ट २०२४

उन्हाळ्यात चर खोदाईच्या कामावर गेलेल्या काही बायांची मजुरी अजून खात्यावर आलेली नाही. यंदाचा दर दिवसाला ३४९ रुपये आहे आणि स्त्री-पुरुषांना तो सारखाच आहे. हजेरीपत्रक, म्हणजे एनएमआर, बंद झाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे मिळायला हवेत. आज तहसीलच्या ठिकाणी बसून एकेक प्रकरण तपासले.

अडथळा बहुतेक ठिकाणी नावाचा निघाला. जॉबकार्डावर नाव कन्नड लिपीत एका पद्धतीने आहे, आधारवर इंग्रजी अक्षरांत दुसऱ्या पद्धतीने आहे आणि बँकेच्या पुस्तकावर माहेरचे आडनाव आहे. १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधार जोडलेल्या खात्यावरच देणे सक्तीचे झाल्यामुळे, पूर्वी खपून जाणारा हा फरक आता थेट मजुरी अडवतो. सीमाभागातील मराठी बाईला हा त्रास दुहेरी होतो, कारण कुठला कागद चुकला आहे हे तिला वाचून समजत नाही आणि विचारायला गेली तर उत्तर तिला न कळणाऱ्या भाषेत मिळते. यात तिचा काहीही दोष नाही. कन्नड वाचणाऱ्या आमच्या दोन्ही मुली आज सोबत होत्या. त्यांनी अर्ज लिहिले, आणि पंचायतीतील एका कर्मचाऱ्याने आपुलकीने बसून जॉबकार्डांची दुरुस्ती संगणकावर करून दिली, याची नोंद अवश्य करायला हवी.

हजेरीचा प्रश्न मात्र कायम आहे. कामाच्या जागेवर दिवसातून दोन वेळा मोबाईलवर मजुरांचे फोटो काढून हजेरी नोंदवावी लागते. आमच्या वरच्या वाड्यांत नेटवर्क टेकडीवर गेल्याशिवाय मिळत नाही. कायक बंधू (मजुरांच्या गटाची मुकादम) म्हणून काम करणारी बाई फोटो काढून संध्याकाळी टेकडी चढते. फोटो वर गेला नाही तर सर्वांचा दिवस बुडतो. जिल्हा पातळीवर सवलतीचा अर्ज करण्यासाठी अशा बुडालेल्या दिवसांच्या तारखा आता वहीत लिहून ठेवत आहोत.

१४ सप्टेंबर २०२४

गणपतीला गोव्याहून आलेल्या तरुणांशी बोलणे झाले. गावाकडे परत या, असे त्यांना सांगण्यात अर्थ नाही आणि आम्ही तसे सांगितलेही नाही. तिथली रोजची मजुरी सोडून येण्यासारखे काही इथे आज नाही. त्यांच्याकडून दोन गोष्टी मागितल्या: रोपलावणीच्या आठवड्यात येणे ठरल्याप्रमाणे व्हावे, आणि आमसूल व आगळ यांना तिथल्या ओळखीच्या दुकानांत जागा मिळवून द्यावी. दुसऱ्या कामाला तिघे तयार झाले. एकाने तर आपल्या मालकाच्या खाणावळीसाठी आगळाच्या बाटल्या लगेच मागितल्या.

२४ नोव्हेंबर २०२४

परतफेड सुरू आहे. परतीच्या पावसाने कापणी लांबवली आणि आडवे पडलेले काही भात शेतातच उगवले. गव्यांनीही जंगलाकडेच्या शेतांचे नुकसान केले. तरीही लवकरचे वाण लावलेल्या माळाच्या तुकड्यांतून गेल्या वर्षीपेक्षा नक्कीच अधिक मिळाले आहे.

भात आणून देताना ते पुरेसे वाळलेले आहे की नाही, हे माप घालणारी बाई दाताखाली दाणा फोडून पाहते. कट्‌ आवाज आला तर घेते, दाणा चेपला तर परत उन्हात घालायला सांगते. ओलावा चौदा टक्क्यांच्या आत असावा असे शास्त्र सांगते आणि कृषी खात्याच्या यंत्रावर आम्ही काही नमुने ताडून पाहिले. दातांचा निर्णय त्याच्याशी जुळला. कणग्या शेणाने सारवून, तळाशी लाकडी फळ्या घालून आणि भातात निर्गुडीचा पाला मिसळून भरल्या जात आहेत.

चार घरांना यंदा परतफेड जमणार नाही. त्यांपैकी दोघांचे पीक गव्यांनी खाल्ले आणि उरलेल्या दोन घरांत मोठे आजारपण झाले. त्यांचे काय करायचे, हा प्रश्न वाडीच्या बैठकीत आला तेव्हा एका सदस्याने नियम म्हणजे नियम, असा आग्रह धरला. तिचे म्हणणेही ऐकून घेतले गेले, कारण एकदा सूट दिली की पुढे सगळेच मागतील ही भीती खरी आहे. अखेर दोन वर्षांत फेडण्याची मुदत देण्यात आली, वाढावा माफ झाला आणि त्याबदल्यात चौघांनी कोशाच्या खोलीचे छप्पर शाकारून द्यायचे ठरले. नुकसान खरे आहे की नाही, हे शेजारच्या घरांनी उभे राहून सांगितले. बाहेरच्या कोणालाही इतका नेमका निवाडा करता आला नसता.

२३ फेब्रुवारी २०२५

या महिन्यात राज्य सरकारने सूक्ष्म कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला आहे. तो १२ फेब्रुवारीपासून अमलात आला असून त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आमच्या भागातही आठवड्याच्या हप्त्यासाठी दारात बसून राहण्याचे, नको ते बोलण्याचे प्रकार झाले आहेत. अध्यादेशाची माहिती देण्यासाठी घेतलेल्या बैठकीत प्रत्येकीने आपले कर्ज कागदावर मांडावे असे सुचवले आणि गुप्तता राहावी म्हणून हे काम एकेकीसोबत बाजूला बसून केले.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांनुसार सूक्ष्म कर्ज घेणाऱ्या घराचे सर्व हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. काही घरांत ही मर्यादा कधीच ओलांडली गेली आहे, कारण एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे घेतले गेले. आकडे समोर आल्यावर दोघी रडल्या. त्यांच्यासाठी गटाच्या अंतर्गत निधीतून कमी व्याजाचे कर्ज देऊन सर्वांत महागडे खाते आधी बंद करण्याचा आराखडा केला आहे.

एक गोष्ट मात्र सर्वांच्या ध्यानात आली. गेल्या जून ते ऑगस्ट या काळात कोशातून धान्य घेतलेल्या घरांपैकी बहुतेकांनी त्या तीन महिन्यांत नवे कर्ज काढलेले नाही. कर्जाचे जे नवे हप्ते दिसले, ते आजारपण आणि लग्न यांचे होते. त्यामुळे पुढच्या वर्षी गटांच्या बचतीतून आजारपणासाठी वेगळा निधी बाजूला काढण्याची मागणी पुढे आली आणि ती मान्य झाली.

९ मार्च २०२५

निधी देणाऱ्या संस्थेने दुसऱ्या वर्षासाठी नवा प्रस्ताव पाठवला आहे. खानापुरात एक मोठे गोदाम बांधून सर्व वाड्यांचे धान्य आणि आमसूल एकत्र साठवावे, त्यामुळे देखरेख सोपी होईल आणि विक्रीला चांगला भाव मिळेल, असे त्यात म्हटले आहे. प्रस्ताव आपुलकीने लिहिलेला आहे आणि रक्कमही मोठी आहे.

आजच्या बैठकीत तो मराठीतून पूर्ण वाचला. आमसूल व आगळ यांच्यासाठी खानापुरात एक खोली भाड्याने घ्यावी, कारण खरेदीदार तिथवर सहज येतो, यावर सर्वांची संमती झाली. धान्याच्या बाबतीत वरच्या वाडीच्या अध्यक्षा अक्कांनी जुलैची वही उघडून 'पूर' असा शेरा असलेले पान वाचायला लावले. त्यानंतर फार चर्चा उरली नाही. धान्य वाड्यांतच राहील, असा ठराव झाला. गोदामाच्या रकमेपैकी काही भाग वाडीवार पत्र्याच्या कोठ्या, ताडपत्र्या आणि दोन साकवांच्या दुरुस्तीसाठी वळवता येईल काय, अशी विचारणा करायची आहे. साकवांचे काम मुळात सरकारचे आहे, म्हणून त्यासाठी ग्रामपंचायतीकडेही ग्रामसभेच्या ठरावासह मागणी जाईल.

ठरावावर प्रत्येक गटाच्या दोन प्रतिनिधींच्या सह्या आणि अंगठे घेतले आहेत. पत्र उद्याच्या टपालाने जाईल. रस्त्यापलीकडच्या आणखी दोन वाड्यांनी कोशात सामील होण्याची विनंती केली असून त्यांच्यासोबतची पहिली बैठक पाडव्याच्या आधी, त्यांच्याच वाडीत ठरली आहे.